सगळ्या शिंगरांचा एकच वाढदिवस

मुलांनो, नदीच्या वळणावर एक जंगल होते आणि त्या जंगलातल्या गुडघाभर गवताच्या कुरणात एक तांबूस घोडी राहत असे. शर्यतीचे घोडे वाढवणे हा त्या जंगलाचा राष्ट्रीय उद्योग होता. सिंहमहाराजांना शर्यतीचा शौक होता, म्हणून प्रजेलाही तो होता. घोड्या शिंगरे वाढवत आणि अस्वल, रानरेडा, वाघ असे बडे तबेलेवाले ती दसऱ्याच्या बाजारात हरभऱ्याची पोती देऊन विकत घेत. वाघाला मात्र ‘शिंगरू धावण्यासाठी घेत आहे, जेवणासाठी नाही’ अशी हमी दरवर्षी नव्याने द्यावी लागे. माकडे हरभरा पिकवत, साळिंदर खूर तासत असे, कावळा निकाल ओरडत असे. अर्ध्या जंगलाचे पोट घोड्यांच्या पायांवर चाले.

पण अलीकडे या धंद्याला उतरती कळा लागली होती. महाराजांनी फर्मान काढले होते, की शर्यत पाहायला येणाऱ्याने शिदोरीत चार पेरू आणले तर त्यातला एक सरकारजमा करावा. प्रेक्षकांनी विचार केला, की घरी बसून चारही पेरू आपल्यालाच खाता येतात. झाले! प्रेक्षक घटले, शर्यती घटल्या, तबेलेवाले पोत्यापोत्यावरून घासाघीस करू लागले, आणि चाळीस कुरणांची पंधरा उरली. बाकीच्या ठिकाणी रानडुकरांनी रताळी लावली. रताळ्याची वंशावळ कोणी विचारत नाही, हा त्या पिकाचा मोठा फायदा. यावर महाराजांनी उपाय म्हणून दुसरे फर्मान काढले : ज्या घोडीचे दोन वर्षांचे शिंगरू वैशाखातल्या शर्यतीत उतरणार नाही, तिचे कुरण पावसाळ्याच्या तोंडाशी रानडुकराला देण्यात यावे.

आता एवढ्या शिंगरांचे जन्मदिवस लक्षात ठेवणे कोल्ह्याला जड जाई. कोल्हा नोंदणी कचेरीचा प्रमुख होता, आणि प्रमुखाला काही जड जाऊ नये यासाठीच कचेरी असते. म्हणून त्याने नियम केला होता, की गुढीपाडव्याच्या सकाळी जंगलातली सगळी शिंगरे एकदम एक वर्षाने मोठी होतील. शहाण्या घोड्या त्यामुळे पाडवा उलटल्यावरच शिंगरू व्हावे असा बेत करत. आपल्या घोडीनेही तोच बेत केला होता. पण पोटातल्या शिंगराला कोणी नियम वाचून दाखवला नव्हता. ते पाडव्याच्या आदल्या दिवशी, अमावास्येला जन्मले.

दुसऱ्या दिवशी कोल्हा आला. शिंगरू तेव्हा चार पायांपैकी आधी कोणता उचलावा या विचारात होते.

“अभिनंदन, बाई! चिरंजीव आज एक वर्षाचे झाले.”

“अहो, काल संध्याकाळी झालाय तो! अजून नीट उभं राहता येत नाही त्याला.”

“वर्ष झालं तरी उभं राहता येत नाही?” कोल्ह्याने खेदाने मान हलवली. “लक्ष द्या जरा मुलाकडे.”

दसऱ्याच्या बाजारात हे सहा महिन्यांचे शिंगरू दीड दीड वर्षांच्या शिंगरांच्या रांगेत उभे राहिले. हत्तींच्या पंगतीत शेळी बसावी तसे ते दिसत होते. अस्वलाने त्याला पुढून पाहिले, मागून पाहिले.

“काय हो बाई, पाण्यात घातलं होतं का? आटलंय फार.”

“आटलं नाही, वाढायचंय अजून. हाडं बघा त्याची.”

“हाडं बघू की कागद बघू? कागदावर दीड वर्षाचं आहे.” अस्वल पुढे गेले आणि त्याने शेजारचे थोराड शिंगरू वीस पोत्यांना घेतले. त्या दिवशी अकरा शिंगरे विकली गेली. घोडी आपल्या पोराला घेऊन घरी आली, तेव्हा कुरणाच्या कडेला रानडुक्कर नाकाने माती उकरत होते.

“चालू द्या तुमचं, ताई,” ते अदबीने म्हणाले. “मी फक्त नमुना घेतोय. माती छान आहे हो तुमची!”

घोडीला त्या रात्री गवत गोड लागले नाही. कुरण गेले तर पोराला चरायला वीतभर जागा उरणार नव्हती. पण सकाळी पोराने उगाचच शेपूट उंच करून कुरणाला तीन फेऱ्या मारल्या, चौथ्या फेरीत ते चिखलात बसले, आणि घोडीने ठरवले की काळजी करायला वैशाख आहेच.

इकडे तबेल्यांत मात्र घाई सुरू झाली होती. वीस पोती हरभरा घातला, तो लवकर वसूल व्हायला हवा. विकलेली शिंगरे दसऱ्यापासूनच कडक जमिनीवर दौडू लागली. त्यांची अंगे मोठी दिसत असली तरी हाडे अजून कोवळी होती. संक्रांतीला एकाच्या पायाची नळी सुजली, शिमग्यापर्यंत पाच लंगडू लागली. वैशाखात शर्यतीचा दिवस उजाडला तेव्हा अकरापैकी दोनच मैदानात आली, आणि त्यातले एक अस्वलाचे होते, ते तीन पायांवर.

खडकावर महाराज बसले होते. समोर प्रेक्षक चार, त्यातला एक झोपलेला. “ही शर्यत आहे की दवाखान्याची रांग?” महाराज गरजले.

कोल्ह्याला घाम फुटला. घोडी पोराला घेऊन मैदानाच्या कडेला शर्यत पाहत उभी होती, तो धावतच तिच्याकडे गेला. “बाई, दैव फळफळलं तुमचं! पोराला उतरवा. पाडव्याला दोन वर्षं पूर्ण झालीत त्याची, नियमात बसतंय. मैदान रिकामं आहे, शर्यतही जिंकेल आणि कुरणही वाचेल.”

घोडीने मैदानाकडे पाहिले. खरेच रिकामे होते. पोर आता चांगले उंच झाले होते आणि पळण्यासाठी फुरफुरत होते. एकदाच तर पळायचे, आणि कुरण कायमचे आपले. शेजारी अस्वलाचे शिंगरू दुखरा पाय अधांतरी धरून उभे होते. घोडीने आपल्या पोराच्या पायाची नळी हुंगली. ती तेरा महिन्यांची होती.

“रावसाहेब,” ती म्हणाली, “दोन वर्षांचा तुमचा कागद झालाय. त्याला पळवा.”

“अहो, कुरण जाईल!”

“जाईल तर जाईल. पाय मोडलेल्या पोराला कुरण तरी कशाला?”

महाराजांनी हे ऐकले. “मग हा पळणार कधी?” त्यांनी विचारले.

“आणखी दोन वर्षांनी, महाराज. आणि ही लंगडी पोरं माझ्या कुरणात मोकळी सोडलीत तर त्यांच्यातलीही बरीचशी पळतील. मऊ माती, भरपूर गवत, आणि दोन वर्षं कोणी घाई करायची नाही.”

“दोन वर्षं?” अस्वल कळवळले. “माझी वीस पोती अडकलीत हो!”

“अडकलीत खरी. तीन पायांवर सुटतात का बघा.”

अस्वलाने आपल्या शिंगराकडे पाहिले, मग घोडीकडे पाहिले, आणि दर महिन्याला एक पोते चराईचे कबूल केले. संध्याकाळपर्यंत इतर तबेलेवालेही आले. महाराजांनी कुरण घोडीकडेच ठेवले. यात दया कमी आणि हिशेब जास्त होता, कारण रताळ्यांची शर्यत लावता येत नाही हे त्यांच्या ध्यानात आले होते. एक चतुर्थांश शून्य म्हणजे शून्यच, हेही त्याच ओघात ध्यानात आले, आणि सरकारी वाटा विसात एक पेरू एवढा खाली आला. रानडुकराने नाराज न होता नदीपलीकडची जमीन हुंगायला घेतली. कोल्ह्याने पाडव्याचा नियम काही बदलला नाही. फक्त घोडा केव्हा धावेल हे घोडी सांगेल, अशी एक ओळ महाराजांनी त्याच्याकडून खाली लिहून घेतली.

दोन वर्षांनी मैदानात नऊ घोडे उभे राहिले. झाडांवर बसायला फांदी मिळेना, माकडांचा हरभरा दुपारीच संपला. घोडी कुंपणाशी उभी होती, आणि तिचे काळीज सुटण्याच्या इशाऱ्याआधीच सुटले होते. पहिला आला अस्वलाचा घोडा. आपल्या घोडीचा मुलगा तिसरा आला.

“तिसराच?” कावळ्याने वरून खवचटपणे विचारले.

“तिसरा,” घोडी म्हणाली, “आणि चार पायांवर.” मग ती मुलाला पुढे घालून, रमतगमत, वाटेतले गवत चाखत घरी निघाली.

तात्पर्य : कागदावरचे वय एका सकाळीत वाढते, हाडांना मात्र त्यांचे दिवस द्यावेच लागतात; जो धंदा ते दिवस देतो, तोच पुढे धावतो.