बायजाक्का आणि सटीचं भरीत

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. कुसळवाडीत हा प्रश्न काढला की दहा माणसं दहा आकडे सांगतात आणि अकरावा भांडायला उठतो. फार वर्षांपूर्वी, एवढंच धरून चला. तेव्हा त्या माळावर माणसं थोडी आणि मेंढरं उदंड होती. लांडगे मेंढरांवर टपलेले असत, आणि लांडग्यांच्या आणि मेंढरांच्या मधे उभी असायची ती कुत्री. कुत्रं गेलं की कळप गेला, आणि कळप गेला की चूल गेली. इतका सरळ हिशेब होता.

त्या कुसळवाडीत बायजाक्का राहायची. गुराढोरांची, मेंढरांची, कुत्र्यांची औषधं जाणणारी बाई. हात गुणाचा, पण तोंड! औषध नंतर आणि बोलणी आधी, असा तिचा रिवाज. असं म्हणतात, ती ओसरीवर बोलायला लागली की पलीकडच्या टेकाडावरचा मेंढका आपल्यालाच बोलली असं समजून मान खाली घालायचा.

पण ती तरी काय करणार हो? दारात आलेल्या प्रत्येकाला ती तीनच गोष्टी विचारायची. काय खाल्लं, किती खाल्लं, कधी खाल्लं. यात अवघड काय आहे, सांगा बरं! पण कुसळवाडीच्या माणसाला ही तीन उत्तरं कधी जमली नाहीत. एकदा एकाने कुत्रं झोळीत घालून आणलं. डोळे पांढरे, पाय ताठ.

"काय खाल्लं यानं?"

"काय बी न्हाय आक्का. नजर लागलीया."

"कधीपासनं असंय?"

"परवापासनं. तूप पाजलं, ताक पाजलं, मिठाचं पाणी पाजलं. मिरच्या ओवाळल्या. काय केल्या फरक न्हाय, मग म्हटलं तुझ्याकडं आणावं."

"इतक्या लवकर कशाला आणलंस? मेल्यावर आणायचं होतंस! घाई कसली होती?" असं म्हणून आक्काने कपाळावर हात मारून घेतला. मग अर्धा दिवस खोदून खोदून विचारल्यावर कळलं की कुत्र्याने उंदरांसाठी विष कालवून ठेवलेला पिठाचा गोळा खाल्ला होता. हे त्या माणसाला पहिल्यापासून ठाऊक होतं. सांगितलं का नाही, तर म्हणे, तू बोलशील म्हणून! आता या माणसाला बोलायचं नाही तर काय ओवाळायचं? ते कुत्रं तिच्या मांडीवरच गेलं, आणि आक्का दोन दिवस जेवली नाही.

तर अशा गावात चंपाषष्ठी यायची. तिथले लोक तिला नुसती सट म्हणतात. खंडोबाचा सण. चातुर्मासाचे चार महिने गावात कांदा, लसूण, वांगं बंद. सटीला देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा आणि मग सगळं सुरू. चार महिने तोंड आवळलेली माणसं त्या दिवशी भरतात कांदा कमी घालतील होय? वांगं नावाला आणि कांदा गावाला, अशी गत.

आणि कुत्रं हे खंडोबाचं जनावर. तेव्हा देवानंतर पहिला मान कुत्र्यांचा. देवळाच्या पायरीशी एक दगडी कुंडी होती. घरटी एकेक ताट भरीत-रोडगा त्या कुंडीत पडायचा, रावजी गुरव तो हाताने कालवायचा आणि गावातली झाडून सगळी कुत्री तिथे जेवायची. लोक हात जोडून बघायचे. कौतुकाने डोळे भरून यायचे. मग चार-पाच दिवसांत त्यातली काही कुत्री मलूल व्हायची. हिरड्या पांढऱ्या फटक, चालताना धाप, मूत गेरूच्या पाण्यासारखं तांबडं. चार-दोन मरायची. गाव काय म्हणायचं? "देवानं आपल्या सेवेला नेलं." मेलेल्या कुत्र्यावर भंडारा उधळून त्याला पुरायचे, आणि ज्याचं कुत्रं मेलं त्याला वर्षभर मान!

बायजाक्का हे वर्षानुवर्षं बघत होती. लांबच्या वाड्यांवर बांधलेली कुत्री, जी कुंडीवर येत नसत, ती ठणठणीत राहायची. मग एका वर्षी अवकाळी पावसाने कांदा सडला आणि लसणाला कीड लागली. भरीत झालं ते नुसतं वांग्याचं. त्या सटीला एक कुत्रं आजारी पडलं नाही. एकही नाही! आक्काने देवळासमोर उभं राहून सांगितलं, "आता तरी बघा रे. वांगं तेच, रोडगा तोच, देव तोच. नव्हता तो कांदा आणि लसूण. माणसाला पचतो, कुत्र्याच्या रक्ताचं पाणी करतो."

रावजी गुरव भला माणूस, पण हट्टी. तो म्हणाला, "आक्का, देवाच्या ताटाला इख म्हनतीस?"

"देवाच्या ताटाला कोण म्हणतंय? तुझ्या कुंडीला म्हणते!"

झालं. पालथ्या घड्यावर पाणी. सगळ्यांनी माना हलवल्या, "बरं आक्का" म्हणाले, आणि पुढच्या सटीला मागच्या वर्षीचा धरून दुप्पट कांदा घातला.

आता म्हाकूचं ऐका. म्हाकू धनगर, माळावरचा. त्याच्याकडे ढाण्या नावाचं कुत्रं होतं. त्यापुढच्या पावसाळ्यात दोन लांडगे कळपात शिरले तेव्हा ढाण्या एकटा त्यांच्याशी झुंजला. कान फाटला, पण मेंढरू जाऊ दिलं नाही. म्हाकूच्या घरात खाणारी सात तोंडं, ती सगळी त्या एका कुत्र्याच्या दातावर जगत होती. म्हणून म्हाकूने नवस बोलला, की सटीला ढाण्याला कुंडीत नाही, परातीत वेगळं वाढीन. पहिलं ताट त्याचं.

आक्काच्या कानावर हे गेलं तशी ती सटीच्या आदल्या दिवशी तडक माळावर गेली. "म्हाकू, ढाण्याला कोरा रोडगा घाल. दूध घाल. भरीत घालू नको."

"आक्का, नवस बोललोय गं."

"नवस देवाला बोललास. पोट कुत्र्याचं आहे. देव काय परातीतला कांदा मोजायला बसलाय?"

"बरं आक्का," म्हाकू म्हणाला.

कुसळवाडीचं 'बरं' म्हणजे काय ते आक्काला माहीत होतं. तरी आली बिचारी परत. हाताला धरून तर बसवता येत नाही कुणाला.

दुसऱ्या दिवशी म्हाकूने परात भरली. अगदी मनापासून. कुत्र्याला ओवाळलं, कपाळाला भंडारा लावला आणि स्वतः घास भरवले. वाईट काय केलं त्याने? माया केली. मायेनेच घात होतो तो असा. ढाण्याने परात चाटून पुसून साफ केली.

म्हाकूची बायको जना हे बघत होती. नवऱ्यापुढे तिची जीभ उचलली नाही, पण पाय उचलले. ती उन्हातून पळत आक्काच्या दारात आली. पदरात भरताच्या पातेल्यातलं उरलंसुरलं बांधून आणलं होतं. दम लागलेला, तरी एका श्वासात म्हणाली, "आक्का, ढाण्यानं कांद्याचं भरीत खाल्लं. परातभर, वर दोन रोडगे. आत्ताच, तळी भरली तवा. अजून काय झालं न्हाय त्याला, पर मी आले."

बायजाक्का आ वासून बघत राहिली. काय, किती, कधी! न विचारता! उभ्या जन्मात पहिल्यांदा! असं म्हणतात की त्या क्षणी तिच्या डोळ्यात पाणी आलं, आणि दुसऱ्या क्षणी ती ओरडली, "मग उभी काय राहिलीस भवाने, चल!"

आक्काने ढाण्याला कसलीशी मुळी उगाळून दिली आणि पोटातलं बाहेर काढलं. कुठली मुळी ते विचारू नका. तिने कुणाला सांगितली नाही, ते बरंच झालं, नाहीतर शहाण्या लोकांनी घरोघर उगाळून कुत्र्यांच्या नरड्यात कोंबली असती. जाणत्याचं काम जाणत्याने करावं. आपलं काम, जाणत्याकडे वेळेत पोचायचं.

बरंचसं बाहेर पडलं, पण सगळं नाही. तिसऱ्या दिवशी ढाण्याची मान पडली. हिरड्या पांढऱ्या झाल्या, मूत तांबडं आलं. माळावर लांडग्यांना कसं कळलं कोण जाणे, ते दिवसाढवळ्या टेकाडावर येऊन बसायला लागले. म्हाकू काठी घेऊन कळपाभोवती वेड्यासारखा फिरत होता.

तेव्हा मात्र आक्काचा तोल सुटला. तिने ढाण्याला खांद्यावर टाकलं आणि देवळाकडे निघाली. म्हातारी बाई, वासराएवढं कुत्रं, आणि खडी चढण. मागून सगळं गाव. पायरीवर पोचल्यावर तिने कुत्रं खाली ठेवलं, कंबरेवर हात ठेवले आणि थेट देवालाच सुरुवात केली.

"मल्हारी, ऐक. या लोकांना बोलून बोलून माझ्या जिभेला फोड आले. हे माझं ऐकत नाहीत, तुझं तरी ऐकतात का बघू. तुझं कुत्रं, तुझा सण, आणि मारतात हे! आणि तू घोड्यावर बसून बघतोस! तोंड आहे ना तुला? मग बोल की!"

असं म्हणतात, ती दुपारपासून दिवस कलेपर्यंत थांबली नाही. देवाला, गुरवाला, म्हाकूला, गावाला, एकेकाचं नाव घेऊन बोलली. शेवटी तिने एक कांदा दगडावर फोडला, आणि देवासमोर जे दगडी कुत्रं बसलेलं असतं ना, त्याच्या तोंडापुढे धरला. "खा. तुझ्या जातीला चालत असेल तर खा. मी जन्मात पुन्हा बोलणार नाही."

आणि सगळ्या गावादेखत त्या दगडी कुत्र्याने मान फिरवली.

जात्याचा दगड घासावा तसा आवाज आला आणि मानेवरचा जुना भंडारा पापुद्र्यांनी गळून पडला. असं म्हणतात. ते कुत्रं आजही मान वळवून बसलेलं आहे, जाऊन बघा. पाथरवटाने तसंच घडवलं असेल असं कुणी म्हणतं. म्हणेना का. इकडे पायरीवर पडलेल्या ढाण्याने डोळे उघडले आणि आक्काच्या ओंजळीतलं पाणी चाटलं. पुढे नऊ दिवस ती त्याला मेंढराचं काळीज शिजवलेलं पाणी पाजत बसून राहिली. दहाव्या दिवशी ढाण्या आपल्या पायांनी, थांबत थांबत, माळावर गेला, आणि टेकाडावरचे लांडगे उठून चालते झाले.

आता तुम्हाला वाटेल, गावाचे डोळे उघडले. डोंबल उघडले! गाव दगडी कुत्र्याच्या पाया पडायला लागलं. नारळ काय, भंडारा काय! आणि एका माउलीने तर त्याच्यापुढे वाटीभर भरीत आणून ठेवलं! आक्काने ती वाटी बघितली आणि पायरीवर बसून हसली की रडली, यावर अजून गावात दोन तट आहेत.

'देवाचा चमत्कार' असं सगळे म्हणाले. भीतीने का होईना, कुंडीत कांदा घालणं बंद झालं. पण 'आक्का, तुझं बरोबर होतं' असं कुणी म्हटलं नाही. रावजी गुरव तिला दिसला की वाट बदलायचा. म्हाकू एकदा तिच्या दारात आला, बराच वेळ उंबऱ्याशी उभा राहिला, तोंड उघडलं, आणि म्हणाला, "जेवलीस का आक्का?" ती म्हणाली, "जेवले." तो गेला.

पुढे काही वर्षांनी आक्का गेली. त्यानंतरची पहिली सट आली. कुंडी धुतली, कोरे रोडगे आले, कुत्री गोळा झाली. पण कुणी रोडगा मोडेना. सगळे कसली तरी वाट बघत उभे. मग हळूहळू लक्षात आलं, की दरवर्षी या वेळेला आक्का याच पायरीवर उभी राहून बोलायची, सगळ्यांना नावं घेऊन घेऊन बोलायची. आता देवळात नुसता वारा होता. तेव्हा रावजी गुरव, म्हातारा झालेला, मोकळ्या पायरीकडे बघत म्हणाला, "चुकलं, आक्का." त्याच्यामागून म्हाकू म्हणाला. मग जना, मग सगळं गाव.

तेव्हापासून कुसळवाडीत सटीला कुत्री कोरा रोडगा खाऊन उठल्याशिवाय एका घरात कांद्याला विळी लागत नाही. कुत्र्याने भलतंसलतं खाल्लंच, तर ते आजारी पडायची वाट कुणी बघत नाही. उरलेलं फडक्यात बांधतात, कुत्र्याला उचलतात, आणि आता तालुक्याला जनावरांचा डॉक्टर आहे, त्याच्या दारातच ओरडून काय, किती, कधी सांगून मोकळे होतात. आणि रोडगा मोडायच्या आधी गावातली सगळ्यात वयस्कर बाई आक्काच्या पायरीवर उभी राहून सगळ्या गावाला घटकाभर बोलते. तिच्या तोंडाला येईल ते. सरपंचापासून पोरासोरांपर्यंत सगळे मान खाली घालून ऐकतात, आणि तिचं संपलं की हात जोडून एका आवाजात म्हणतात, "चुकलं, आक्का."

इतका मोठा आवाज होतो की टेकाडापलीकडे ऐकू जातो. ती असताना एकाने हळूच म्हटलं असतं तरी चाललं असतं.