चांगुणेच्या मोडलेल्या किल्ल्या

एका राज्यात मातीने हात भरलेल्या कारागिरांना दरबारात येऊन बोलायची बंदी होती. कारागिराने युक्ती काढावी, राघूला पढवावी आणि राघूने ती राजापुढे मांडावी, असा रिवाज. चांगुणा कुंभारणीचा राघू भलताच गोड गळ्याचा निघाला.

राज्यावर एका मांत्रिकाचे तीन शाप होते. पहिला शाप, माणूस दिसताच पळणारं तळं. चांगुणेने बारीक तोंडाचा रांजण घडवला. आत काय आहे ते बघायला तळं शिरलं आणि अडकलं. दुसरा, तटावर रडणारा वारा. तिने रिकाम्या घागरी आडव्या मांडल्या. वारा आत शिरला आणि गाऊ लागला. दोन्ही वेळा राघू म्हणाला, "महाराज, मला सुचलं." पहिल्यांदा त्याला सोन्याचा वाळा मिळाला, दुसऱ्यांदा सिंहासनाशेजारी बसायला दांडी. उंबऱ्याबाहेर चांगुणेचा नुसता जळफळाट झाला. डोकं हिचं आणि मान त्या मेल्याचा!

तिसरा शाप दरबारातल्या कोठाराचा. आत साऱ्या राज्याचं बियाणं, पेरणी तोंडावर आलेली, आणि कुलूप इतकं तापलेलं की लोखंडी किल्ली वितळून जाई. उघडेल तो राजकारागीर, अशी दवंडी पिटली. चांगुणेने कच्च्या मातीची किल्ली केली. कुलपात ती आपोआप भाजून पक्की होणार होती.

राघूने किल्ली चोचीने लावली. कुलूप बोललं, "युक्ती कोणाची?"

"माझी."

"मग याआधी किती किल्ल्या मोडल्या? आणि का?"

राघूला फक्त शेवटची किल्ली पढवलेली. त्याचे पाय दगडाचे होऊ लागले.

चांगुणेला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. दगड पोटापर्यंत चढला तरी ती बघतच राहिली.

"बाई, चुकलो. वाचवा," राघू म्हणाला.

तेव्हा ती दरबाराचा उंबरा ओलांडून आत आली. "नऊ मोडल्या. चार वाळू जास्त झाली म्हणून, तीन घाईने, एक पातळ झाली म्हणून. आणि नववी या राघूवरच्या रागाने मीच आपटली."

"खरं," कुलूप म्हणालं आणि उघडलं. राघूचे पाय पुन्हा हलू लागले.

राजा म्हणाला, "यापुढे आधी कारागिराचं नाव, मग युक्ती."

पेरणी झाली, शाप उतरला, चांगुणा राजकारागीर झाली. राघू आता दरबारात आधी तिचं नाव घेतो. पण घेतो इतक्या गोड गळ्याने, की सगळे त्याच्याकडेच बघत बसतात. चांगुणा अजून जळते.