बर्फाचा सरबतखाना

एक होता राजा. त्याला उकाडा मुळीच सोसायचा नाही. मग त्याने काय केलं, लांबच्या डोंगरावरून बर्फ आणवला आणि नगरात एक सरबतखाना बांधला. भिंती बर्फाच्या, बाकं बर्फाची, पेलेसुद्धा बर्फाचे, बरं का! त्यात कोकमाचं सरबत ओतलं की पेला माणकासारखा लालबुंद दिसायचा.

त्याच नगरात मंजुळा राहायची. मूळची माळावरच्या मेंढपाळाची लेक. लग्न होऊन राजाच्या कारभाऱ्याच्या घरी आली होती. मग हळूहळू ती माहेरचं नावच काढीनाशी झाली.

एकदा तिचे आबा, बिरोजी, तिला भेटायला आले. दोन दिवस चालत आले, खांद्यावर काळी घोंगडी. म्हणाले, "लेकी, त्यो बर्फाचा वाडा दाव की मला. उभ्या जन्मात बर्फ बघितला न्हाई म्या."

मंजुळाला नाही म्हणवेना. गेली घेऊन. पण चार पावलं पुढेच चालली हो.

दारात शिपाई होता. म्हणाला, "घोंगडी आत चालायची नाही. कोण हे तुमचे?"

मंजुळाचे कान तापले. "आमच्या गावाकडचं आहे कुणीतरी," ती म्हणाली.

मग घोंगडी दाराशी राहिली. आबा नुसत्या बंडीवर आत गेले. मंजुळाच्या अंगावर मात्र मऊ शाल होती.

आत तिच्या मैत्रिणी बसल्या होत्या. आबांना आणि तिला सरबताचे पेले मिळाले. एकीने हळूच विचारलं, "हे म्हातारे कोण गं?"

"लोकर विकायला येतात आमच्याकडे."

आबांनी ऐकलं, बरं का. पण बर्फाच्या भिंतीवरून हात फिरवत राहिले.

मग आली राणी. आबांचे ओठ निळे पडलेले बघून म्हणाली, "अगं बाई, हे तर कुडकुडतायत! कुणाबरोबर आलेत?"

मंजुळा मैत्रिणींकडे बघू लागली. तेवढ्यात आबाच हात जोडून पुढे झाले.

"म्या ह्या बाईसाहेबांचा गडी हाय जी."

बाईसाहेब! लहानपणी ती आजारी पडली की रात्रभर मांडीवर घेऊन बसणारे आबा, ते तिला बाईसाहेब म्हणाले. मंजुळाची मान खाली गेली. वाटलं, आत्ता हा बर्फ दुभंगावा आणि आपण आत जावं.

मग तिने अंगावरची शाल काढली. आबांना गुंडाळली. रडत म्हणाली, "राणीसाहेब, मी खोटं बोलले. हे माझे वडील आहेत."

कुणीतरी फिसकन हसलं. राणी नाही हसली. एवढंच म्हणाली, "मग उन्हात ने त्यांना आधी."

बाहेर आल्यावर मंजुळाने आबांचे पाय धरले. "आबा, चुकलं माझं."

आबांनी तिला उठवलं. "सरबत लई ग्वाड व्हतं का गं?"

"चवच कळली नाही, आबा."

"मलाबी न्हाई," आबा म्हणाले, आणि दोघं हसली. हसता हसता मंजुळा पुन्हा रडली.

मग आबा महिनाभर राहिले. घरी कुणीही आलं की मंजुळा आधी सांगायची, "हे माझे आबा." लेक सुखाने नांदली, आबा सुखाने माळावर गेले.

चला, आता वळा कुशीवर. डोळे मिटा बघू.