गाय सुटली, धनी राहिला

फार वर्षांमागं, कुठल्या राज्यात ते विचारू नका, एक गाव होतं. गावाच्या कडेला कोंडवाडा होता आणि त्याच्या भिंतीला लागून एका बाईचं घर. बाई मनानं चांगली. पण कोंडवाड्यात कोण आलं नि कोण गेलं, हे पाहिल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

एकदा एका माणसाची गाय गावच्या उसात शिरली. फडाचं फाटक त्यानंच उघडलं, असं उसाचा राखणदार म्हणाला. गाय कोंडवाड्यात गेली आणि माणूस पंचांपुढं. मोठा ताप येऊन गेल्यापासून बिचाऱ्याचं डोकं ठिकाणावर नव्हतं.

"फाटक तू उघडलंस?" पाटलांनी विचारलं.

"होय मामा."

"म्हणजे गुन्हा कबूल?"

"होय मामा."

"की उघडलंच नाहीस?"

"होय मामा."

लोक हसले. पाटील हसले नाहीत. म्हणाले, "ज्याला प्रश्नच कळत नाही, त्याला शिक्षा कशी द्यायची? शुद्धीवर आला की निवाडा करू. तोवर राहू दे कोंडवाड्यातल्या खोलीत."

बाईलाही ते पटलं. माणुसकीचंच बोलणं होतं.

अमावास्येला गाय सुटली. मुकं जनावर अमावास्येपुढं कोंडायचं नाही, असा तिथला दंडकच होता. माणूस मात्र राहिला.

तुडवलेला ऊस पुन्हा फुटला, वाढला, गाळलाही गेला. त्या उसाचा गूळ बाईनंच खिडकीतून माणसाला दिला. त्याची बहीण रोज भाकरी घेऊन यायची आणि बाईला विचारायची, "वैनी, आज कसा आहे?"

"जेवला गं. कौलांकडं बघत बसलाय."

पुढं पुढं भिंतीपलीकडून 'होय मामा' ऐकू येईनासं झालं. हाक मारली तरी माणूस मान वर करेना. बहीण रडायची, "घरी असता तर अंगणात तरी बसला असता. इथं तर होतं नव्हतं तेही विसरला."

मग एकदा तीच गाय पुन्हा उसात शिरली, पुन्हा कोंडली गेली. अमावास्येला पाटलांनी कोंडवाड्याचं दार उघडायला लावलं. गाय निघाली. तिच्या मागोमाग, तिच्या पाठीवर हात ठेवून, माणूसही निघाला. कोंडवाड्याच्या शिपायानं त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

बाई पिठाच्या हातांनीच बाहेर धावली. "अहो पाटील, जाऊ द्या की त्याला!"

"वैनी, तुमचे कान सदा भिंतीलाच का?"

"असू देत. म्हणून तर कळलं, तो बोलायचा थांबलाय ते. गाईला बोलता येत नाही म्हणून ती सुटते, आणि याला बोलता येत नाही म्हणून हा अडकतो. हा कुठला हिशेब?"

"मी त्याला शिक्षा दिलेली नाही."

"नाही दिलीत. दिली असतीत तर संपली असती! फाटक उघडलं तर ऊस पुन्हा उभा राहीस्तोवर फडात राबायचं, एवढीच ना शिक्षा? त्या उसाचा गूळसुद्धा खाऊन झाला."

पाटलांनी वैद्यांना बोलावलं. वैद्यांनी माणसाला पाहिलं, बहिणीशी बोलले आणि म्हणाले, "हा पूर्वीसारखा होईल, असं मला दिसत नाही. पण आपल्या माणसांत शांत राहील."

पाटलांनी त्याच दिवशी त्याला बहिणीच्या हाती दिलं, आणि पंचांना बसवून नवा दंडक केला. निवाड्यापुरती समज नसलेल्याला, लवकर बरा होईल असं वैद्य म्हणतील तोवरच अडकवायचं. आणि गुन्ह्याची शिक्षा जेवढी, त्याहून जास्त तर कधीच नाही. मग तो घरच्यांकडं जाईल, नाहीतर वैद्यांकडं. कुलपाआड नाही.

पुढं पाटील एकदा त्या घरावरून चालले होते. माणूस अंगणात बसला होता.

"बरा आहेस ना रे?"

त्यानं मान वर केली. "होय मामा."

तात्पर्य: ज्याचा निवाडा करता येत नाही त्याला कोंडून ठेवणं हीसुद्धा शिक्षाच, आणि प्रत्येक शिक्षेला शेवट हवा.