शेवटच्या घाटाचा तांब्या

जपून उतरा हो, खालच्या पायऱ्यांवर शेवाळ आहे. आणि त्या बाटल्या पिशवीत टाका बघू. या घाटावर बाटलीचं पाणी पिणाऱ्याला आमच्या बायका वेडावून दाखवतात. हा तळेघाट, कोरजाई नदीवरचं शेवटचं गाव. वर उंबरवडी, मध्ये मधापूर आणि खाली आम्ही. आता तिन्हीकडे नगरपालिका आहेत. पण तिघींची मिळून जी सभा होते, ती कुठल्या कचेरीत नाही, या पायरीवर भरते. का, ते ऐका.

फार पूर्वी उंबरवडी रंगाऱ्यांची होती. नदीकाठी निळीचे हौद, आणि त्या निळीचं लुगडं म्हणे पार समुद्रापलीकडे जायचं. गावचा नगरशेट येसाजी रंगारी. माणूस हौशी, बोलका, आणि अभिमान असा की कुणी उंबरवडीच्या निळीला नाव ठेवलं तर जेवणावरून उठेल. एकुलती एक लेक भागू, ती इथं तळेघाटात दिलेली.

तेव्हाची रीत तुम्ही ऐकली असेल. लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पीत नसे. येसाजी यायचा तो स्वतःची सुरई घेऊन. ओसरीवर बसायचा, आपलंच पाणी प्यायचा, लेकीच्या डोक्यावरून हात फिरवून निघायचा. वर्षं गेली, भागूची कूस काही उजवेना. त्याला मनातून फार लागायचं. लेकीच्या हातचा तांब्या एकदा तोंडाला लावावा, एवढीच इच्छा त्या श्रीमंत माणसाची उरली होती.

इकडे तळेघाटकर दरसाल उंबरवडीला जाऊन गाऱ्हाणं घालत, पाणी खराब येतं म्हणून. येसाजी हसून म्हणे, "अहो, वाहतं पाणी वाटेत आपोआप निवळतं." मधापूरकर काठावर ताग कुजवायचे. ते म्हणत, आधी वरच्यांनी थांबवावं, मग आम्ही बघू. भागूनंही बापाला निरोप धाडले. "लेक सासरची झाली हो," असं म्हणून त्यानं ते थट्टेवारी नेले.

शेवटी देव पावला. भागूला मुलगा झाला. बाळंतपण माहेरी, बाळ कसं गुटगुटीत, लोण्याच्या गोळ्यासारखं! ओटी भरून मायलेकरांची पाठवणी झाली, आणि पुढं उष्टावणाच्या दिवशी येसाजी तळेघाटला आला. या खेपेला सुरई मुद्दाम घरी ठेवून.

अंगणात पाऊल टाकलं आणि तो थबकला. दोरीवर बाळाची दुपटी वाळत होती. धुतलेली, पिळलेली आणि एकूण एक निळसर. तो रंग त्यानं लांबूनच ओळखला, त्याच्याच हौदातला होता. पाळण्यात बाळ किरकिरत पडलेलं, अंगभर चट्टे, पोट खपाटीला गेलेलं, हातापायांच्या काटक्या झालेल्या.

भागू तांब्या घेऊन समोर उभी राहिली. म्हणाली, "आबा, आता चालतं ना आमच्या घरचं पाणी?"

असं सांगतात, की येसाजीनं तांब्यात पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि ते सगळं पाणी घटाघटा प्यायला. जावई हात धरायला धावला, तोवर तांब्या रिकामा. मग येसाजी ढसाढसा रडला. "पोरी, मीच तुला हे पाजत आलो गं! चल, दोघंही चला माहेरी." भागू म्हणाली, "मी येईन, आबा. पण या आळीतल्या बाकीच्या पोरांनी कुठल्या आजोळी जायचं?"

येसाजी तसाच घाटावर उतरला आणि आण घेतली, की हा घाट निवळेपर्यंत उंबरवडीच्या पाण्याचा थेंब घेणार नाही. त्या दिवसापासून तळेघाटची घागर रोज उंबरवडीच्या चावडीवर जाऊ लागली आणि नगरशेट सगळ्यांदेखत तेच पाणी पिऊ लागला. रंगारी चिडले. हौद बंद केले तर खायचं काय, हा त्यांचा प्रश्न काही खोटा नव्हता. पण आपला शेट डोळ्यांसमोर खंगत चाललेला त्यांना बघवेना. मधापूरचा पाटील समाचाराला आला, तो शरमेनं तिथंच बसून राहिला. मागोमाग तळेघाटकर आले. तिन्ही गावं पहिल्यांदा एका घोंगडीवर बसली म्हणे.

मधापूरनं नदीपासून लांबचा माळ दिला, हौदांसाठी आणि तागाच्या डबक्यांसाठी. खणायला तळेघाट आला, तहान त्यांचीच होती ना! उंबरवडीनं हौद हलवले. आणि येसाजीनं एक गोष्ट सगळ्यांच्या गळी उतरवली: वरच्या गावाच्या हौदांवर राखण खालच्या गावानं ठेवायची. "आमच्यावर आमचीच राखण ठेवाल, तर आम्ही पुन्हा तेच करू," असं तो भर बैठकीत बोलला. असा नगरशेट आता कुठला मिळायला!

पावसाळा येऊन गेला आणि घाट निवळला. येसाजीला डोलीत घालून इथं आणलं. भागूनं कडेवरचं पोर सावरत पुन्हा तांब्या पुढं केला, पुन्हा तेच विचारलं. "चालतं, पोरी," तो म्हणाला. कुणी सांगतात, ते पाणी पिऊन त्यानं याच पायरीवर डोळे मिटले. आमच्या आळीत सांगतात, तो पुढं नातवाच्या वरातीत नाचला. मी आपलं आळीचंच खरं मानतो.

हौद गेले, रंगारीही गेले. पाऊस पडला की माळावरचे दगड निळसर दिसायचे. लहानपणी आम्ही त्यांवर बोटं घासून बघायचो. आता तसलं लुगडं नेसलेली एक बाई दिसत नाही. जीव हळहळतो.

आजही चैत्री पुनवेला तिन्ही नगराध्यक्ष इथं येतात. उंबरवडीहून इथं दिलेली, नुकतीच आई झालेली लेक तांब्या भरते आणि वरच्या नगराध्यक्षाला तेच विचारते. तो "चालतं, पोरी" म्हणून प्याला की सभा सुरू. मग सांडपाणी, कचरा, तिघींनी मिळून घेतलेला आगीचा बंब, काय असेल ते. मागं एका वर्षी वरच्या नगराध्यक्षाला ते म्हणवेना. तांब्यातल्या पाण्याला नाल्याचा वास येत होता. त्या दिवशी सभा झालीच नाही. तिघेही तसेच उन्हात काठाकाठानं वर चालत गेले, एकेका नाल्याचं तोंड बघत, आणि ती लेक भरला तांब्या घेऊन त्यांच्या मागं.