राजाच्या भिंतीवर गोवऱ्या

“मग आता कोणता मंत्र राहिला, बुवा? तेवढा सांगा, नाहीतर उठा इथनं!”

हैबतचा घसा बसला होता. सकाळपासून तो भिंतीसमोर उभा राहून ओरडत होता, आणि त्याचा गुरू चिंधीबुवा शेजारी बसून पान चघळत होता.

भिंतीपलीकडं हैबतचा भाऊ मालू. दुपारची नौबत वाजली की त्याचा कडेलोट. राजाला हसला, एवढाच गुन्हा.

ही भिंत काही गवंड्यानं बांधलेली नव्हती. त्या मुलखात माणसं मनापासून मानतील ते खरं व्हायचं. राजानं दवंडी पिटली, इथं भिंत आहे. लोक घाबरले, वळसा घालून चालू लागले. चार दिवसांत भिंत उगवली. काळ्या दगडाची, ताडाएवढी.

हैबत बारा वर्षं मंत्र घोकलेला. नुसत्या बोलानं भरली विहीर आटवायचा. गर्व तर पोत्यानं.

तो पुन्हा गरजला, “पड!”

भिंत हातभर वाढली.

“बघा! उलटीच चालते ही अवदसा!”

“उलटी कशाला? बरोबर चालते,” बुवा म्हणाला. “सकाळपासून शिव्या घालतोस तिला. नसलेल्याला कोण शिव्या घालतं?”

“पण दिसते की ती डोळ्यांसमोर!”

“दिसते तर...”

बुवा उठला. वाटेवर म्हशीचं ताजं शेण पडलं होतं. दोन्ही हातांनी गोळा केलं आणि राजाच्या भिंतीवर चापकन थापलं. पाच बोटं उमटली.

हैबतनं त्याचं मनगट धरलं. “बुवा! वर पहारा आहे!”

“उन्हाची बाजू आहे,” बुवा म्हणाला. “दोन दिवसांत वाळेल.”

दुसरी थापली. तिसरी.

डोक्यावर शेणाची पाटी घेऊन चाललेली ठकूबाई थबकली. तिनं वर बघितलं, गोवऱ्यांकडं बघितलं... आणि फिस्सकन हसली.

“अगं बया! एवढी लांबलचक भिंत, आणि आम्ही मेल्या उकिरड्यावर थापतोय!”

तिनं पाटी उतरवली. तिच्या हाकेनं आणखी बाया आल्या. भिंतीला भ्यायला कुणाला सवड होती? जागेवरनं भांडणं जुंपली होती. “ही ओळ माझी. सरक गं तिकडं!”

वरनं पहारेकरी ओरडला, “ए! राजाची भिंत आहे ही!”

“मग राजाला सांग,” ठकूबाई म्हणाली, “वर हात पुरत नाही. जरा खाली घे म्हणावं तिला!”

बाया खदाखदा हसल्या.

भिंत खाली आली. छातीएवढी, मग कंबरेएवढी. दगड गेला, परसदारी असतो तसला मातीचा कूड उरला. पहारेकऱ्याचे पाय भुईला टेकले. त्यानं इकडंतिकडं बघितलं, भाला काखेत मारला आणि मुकाट निघून गेला.

हैबत कूड ओलांडून धावला. नौबत वाजायच्या आत मालूला खांद्यावर घालून घेऊन आला. त्याला खाली ठेवलं आणि बुवापुढं धाडकन लोटांगण घातलं.

“चुकलो, बुवा! तुमच्यासारखा समर्थ त्रिभुवनात नाही. यापुढं तुम्ही म्हणाल तेच खरं!”

बुवानं पाय मागं ओढले.

हैबतचं कपाळ आणि बुवाचे पाय, यांच्या मधली माती तडकली. काळ्या दगडाची एक धार हळूच वर आली...

बुवानं ती बघितली.

“ऊठ,” तो म्हणाला. “शेण आण.”