पहिली आंघोळ मिस्त्रीची

एका थंडगार गावात हणमंता नावाचा एक गॅसमिस्त्री राहत होता. शेगडी असो की गिझर, हा आला की लगेच चालू! पुढे ते किती दिवस टिकलं, हे विचारायला मात्र तो कधी थांबत नसे. गाव त्याच्यावर खूश होतं, आणि तो स्वतःवर त्याहून खूश होता.

एकदा गोदाआत्याच्या घरी लग्न निघालं. गोदाआत्या म्हणजे साऱ्या गावाचीच आत्या. लग्न तिच्या भाचीचं, वैजयंताचं. सकाळी हळद लागली. काय तो दंगा! पिवळे हात, पिवळे गाल, सनई आणि हशा! आणि नेमका तेव्हाच न्हाणीघरातला जुना गॅस गिझर रुसला. नळ सोडला तरी पेटेना. आचाऱ्याच्या शेगड्या वऱ्हाडाच्या जेवणात अडकलेल्या. नवरी अंगभर हळद घेऊन कुडकुडत उभी, आणि मुहूर्त जवळ येत चाललेला.

हणमंता धावतच आला. त्यानं गिझर उघडला. बिघाड गॅसच्या व्हॉल्व्हमध्ये होता. पाणी वाहू लागलं की त्यानं उघडायचं आणि पाणी थांबलं की मिटायचं, एवढंच त्याचं काम. पण तो झिजून मिटलेलाच अडकला होता. नवा व्हॉल्व्ह गावात मिळेना. मग हणमंतानं पिशवीतून तार काढली आणि व्हॉल्व्ह कायम उघडाच राहील असा करकचून बांधून टाकला. भक्! ज्योत पेटली. नळाला वाफाळतं पाणी आलं. पोरांनी टाळ्या पिटल्या.

आता पाणी थांबलं तरी गॅस थांबणार नव्हता. ज्योत विझली, तर बंद न्हाणीघरात गॅस साचणार होता. हे हणमंताला पक्कं ठाऊक होतं. आजच्यापुरतं तर आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि पिशवी उचलली. पण त्या घरची एक रीत तो विसरला. तिथं चूल घालणारा नव्या चुलीवरची पहिली भाकरी खाई, मगच घरचे जेवत.

"कुठं निघालासा, मिस्त्री?" आत्यानं त्याच्या हातात टॉवेल ठेवला. "पाणी तुम्ही तापवलंसा. पहिली आंघोळ तुमचीच."

"मी सकाळीच केलीया, आत्या."

"मग आनि एकदा करा. दार नीट लावून घ्या, वारं लई सुटलंय."

हणमंता आत गेला. कडीला हात लावला आणि हात तिथंच थिजला. समोर ती तार दिसत होती. जिथं आपल्याला दार लावायची भीती वाटते, तिथं आपण नवरीला पाठवत होतो! लाजेनं मान वर होईना. त्यानं गॅस बंद केला आणि तो कोरडाच बाहेर आला.

"आत्या, मी ह्यात आंघोळ करनार न्हाई. पोरीलाबी करू देऊ नका. मी फसवं काम केलंय."

आत्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं.

"मग नीट करा की! मुहूर्त थांबंल. पोर न्हाई मिळायची परत."

हणमंता पळाला तो थेट स्वतःच्या घरी! त्याच्याकडेही अगदी तसलाच जुना गिझर होता. पण तो त्यानं दिवसभर ठाण मांडून दुरुस्त केला होता. घरचा ना तो! त्यातला व्हॉल्व्ह तो भराभर काढू लागला.

"आनि आपन काय करायचं?" बायको ओरडली.

"चूल पेटव!" असं म्हणत तो पुन्हा पळत सुटला.

आत्याच्या गिझरात तो व्हॉल्व्ह बसला. प्रत्येक जोडावर त्यानं साबणाचा फेस लावून पाहिला. कुठेही बुडबुडा आला नाही. न्हाणीघराची खिळे मारून बंद केलेली खिडकी त्यानं उघडली. नळ सोडला, ज्योत आली. नळ बंद केला, ज्योत गेली. मग त्यानं आपणहून टॉवेल मागितला.

दार लागलं. बाहेर सगळे कान देऊन उभे राहिले. आतून धबाधबा पाण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ हणमंताचं खड्या आवाजातलं भजन! मंडप हसून हसून लोटपोट झाला.

वाळलेली हळद खाजवत वैजयंतानं दार ठोठावलं. "मिस्त्रीकाका, आज लगीन तुमचं हाय का माझं?"

हणमंता ओल्या केसांनी बाहेर आला आणि हसत बाजूला झाला. नवरी धावत आत शिरली, आणि कडी लागल्याचा आवाज ऐकून त्याला पहिल्यांदाच आपल्या कामाचा खरा आनंद झाला.

तात्पर्य: ज्या कामावर आपला स्वतःचा जीव टाकायला आपण धजत नाही, ते काम पूर्ण झालं म्हणून दुसऱ्याच्या हवाली करू नये.